मागची डावी सीट

मेस्त्रींनी मागचं डावं चाक हाताने गरकन फिरवलं आणि मीटरकडे पाहिलं. आकडा यायला हवा तसाच येत होता. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच आकडा. चाकाजवळच्या सेन्सरवर धूळ नव्हती, त्याच्यासमोरच्या दातेरी कडीचा एकही दात उडालेला नव्हता. जॅकवर चढवलेली गाडी अगदी शहाण्यासारखी उभी होती.

"काही सापडलं?" स्टुलावर ताठ बसलेल्या बाईंनी विचारलं.

"नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरावा, तशातली गत आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची पर्स थोडी जवळ ओढली.

गाडी सतरा वर्षांची होती आणि बाईंची ही तिसरी खेप. अचानक ब्रेक दाबला तर चाकं जागच्या जागी अडकू नयेत म्हणून गाडीत जी सोय असते, तिचा पिवळा दिवा मधूनच लागत होता. दिवा लागला की ती सोय बंद. पहिल्या खेपेला मेस्त्रींनी सेन्सर साफ केला. दुसऱ्या खेपेला नवाच बसवला. दोन्ही वेळा स्कॅनरने बोट दाखवलं ते मागच्या डाव्या चाकाकडे, आणि दोन्ही वेळा मेस्त्रींनी स्वतः गाडी गावभर फिरवून आणली तेव्हा दिवा लागला नाही. शुक्रवार उजाडला की बाई पुन्हा शटरसमोर हजर. तक्रारीचा सूर नाही, आवाज चढवणं नाही. त्यामुळे तर मेस्त्रींना जास्तच ओशाळल्यासारखं होई.

बायको गेल्यापासून त्यांचं दिवसभराचं बोलणं गिऱ्हाइकांपुरतं उरलं होतं. गिऱ्हाइकं आवाजाबद्दल बोलत, गळतीबद्दल बोलत, थोडं इकडचंतिकडचं बोलत. बाई विचारलं तेवढंच सांगत.

"दिवा नेमका कधी लागतो?"

"गुरुवारी."

मेस्त्रींनी हात पुसता पुसता मान वर केली. "गाडीला वार कळतो म्हणायचा."

"बाकीचे दिवस मी गाडी फारशी काढत नाही. गुरुवारी लांब जावं लागतं. जातानाही लागतो, येतानाही."

"सोबत कोणी असतं? काही सामान वगैरे?"

"नाही. एकटीच असते."

मेस्त्रींनी गाडी खाली घेतली. "चला, आज तुम्ही चालवा. मी बघतो."

बाईंनी गाडी सफाईने काढली. खड्डा दिसला की त्या चार हात आधीच वेग कमी करत, वळण घेताना गाडी जराही कलू देत नसत. मेस्त्री त्यांच्या शेजारी बसून दिव्याकडे बघत राहिले. तीन किलोमीटर झाले, पाच झाले. काही नाही.

"थांबवा जरा. मी मागे बसून चाकाचा आवाज ऐकतो."

ते मागे डाव्या बाजूला बसले. सीटचा तेवढाच भाग खोलगट झाला होता. गाडी सुटली आणि पहिल्याच गतिरोधकावरून उतरताना बाई म्हणाल्या, "लागला."

मेस्त्रींनी पुढे वाकून पाहिलं. पिवळा दिवा ठसठशीत पेटला होता. तीन आठवड्यांनी आजार डॉक्टरला भेटला होता.

"घ्या बाजूला!" ते जवळजवळ ओरडलेच. गाडी थांबताच त्यांनी उतरायला दाराची कडी ओढली. दार उघडेना. पुन्हा ओढली. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून असतो तो लॉक लावलेला होता.

"घरात लहान मुलं आहेत का?"

बाई उतरल्या, वळसा घालून आल्या, दार बाहेरून उघडलं. एका हाताने दार धरून त्यांनी दुसरा तळवा दाराच्या वरच्या कडेला लावला, मेस्त्रींचं डोकं आपटू नये म्हणून.

"हळू. आधी पाय बाहेर."

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

परत आल्यावर मेस्त्रींना दोष सापडायला वेळ लागला नाही. गाडीच्या अंगातून चाकाकडे जाणारी वायर एका चिमट्याजवळ मऊ लागत होती. वरचं रबर धड होतं, पण आतली तार तुटलेली. त्यांनी तो तुकडा कापून बाईंच्या हातात दिला.

"गाडी रिकामी असली की आतली टोकं एकमेकांना टेकून राहतात, म्हणून सगळं ठीक दिसतं. मागं डावीकडे वजन पडलं की गाडी त्या बाजूला बसते, वायर वाकते आणि टोकं सुटतात." त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. "चांगलं माणसाएवढं वजन लागतं त्याला."

बाईंनी तुकडा बोटांत फिरवला.

"आमचे हे बसतात तिथे," त्या म्हणाल्या.

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"गुरुवारी एका केंद्रात नेते त्यांना. ज्यांना आठवत नाही अशी दहा-बारा माणसं येतात तिथे. चेंडू झेलायला लावतात, चित्रं रंगवायला देतात. यांची सगळी नोकरी ऑफिसच्या गाडीतून फिरण्यात गेली. मागं डावीकडे बसायचं, हीच सवय. पुढे बसा म्हटलं तर म्हणतात, ड्रायव्हरच्या शेजारी कशाला?" बाई स्टुलावर टेकल्या. "मी ड्रायव्हर आहे. दोन वर्षं झाली."

"आणि घरी?"

"घरी मी कामाला येणारी बाई असते. कधी नर्स. गाडीत मात्र ड्रायव्हरच. तिथे तरी नीट बोलतात माझ्याशी. अहो-जाहो करतात."

बाहेर एक मोटारसायकल फटफटत गेली.

"मघाशी एकटीच म्हणालात, म्हणून मी..."

"खोटं नाही बोलले मी, मेस्त्री. एकटीच असते."

मेस्त्रींनी मान खाली घातली आणि नवी वायर मापायला घेतली. बाई आता आपण होऊन बोलू लागल्या.

"गेल्या महिन्यात ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला तर चाकं अडकून गाडी घसरत गेली. लागलं कुणालाच नाही, पण हे फार घाबरले. उतरताना मला म्हणाले, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगा." त्यांनी हातातला तुकडा मुठीत मिटला. "दुसरा कुठून आणू? त्यानंतरचा एक गुरुवार गाडीत बसलेच नाहीत. पुढच्या वेळी शेजाऱ्यांना मध्ये घालावं लागलं. पुन्हा तसं झालं ना, तर गाडीतलं हे बोलणंही जाईल माझं."

मेस्त्रींनी वायर जोडली, रबराची नळी चढवली आणि चिमटा हातभर वर सरकवून बसवला, म्हणजे कितीही वजन आलं तरी ती वाकायला नको. स्वतः मागे बसून बाईंना गाडी दोनदा फिरवायला लावली. दिवा लागला नाही. तरी बाई निघेनात.

"गुरुवारी तुम्ही याल बरोबर? खरं वजन असताना बघितलेलं बरं."

गुरुवारी सकाळी मेस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला आणि शटर उघडलंच नाही. बाईंच्या दारात एक उंच, दाढी केलेले गृहस्थ हातात घडी केलेलं वर्तमानपत्र घेऊन उभे होते. बाईंनी दार उघडलं, वर तळवा धरला. ते सवयीने आत बसले आणि "थँक्यू" म्हणाले. मेस्त्री पुढे बसले, नजर दिव्यांवर ठेवून.

पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असं बघून बाईंनी मेस्त्रींच्या खुणेसरशी ब्रेक जोरात दाबला. पायाखाली थरथर झाली, चाकं अडकली नाहीत आणि गाडी सरळ रेषेत थांबली.

"उत्तम," मागून आवाज आला. "गाडी हातात आहे तुमच्या."

"नाही लागला," मेस्त्री हळूच म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि गिअर टाकला.

"या बाई भरवशाच्या आहेत हं," गृहस्थ मेस्त्रींना सांगू लागले. "आमच्या हिला फार काळजी. मला जरा उशीर झाला की दारात येऊन उभी राहते. पण या असल्या की तिला घोर नाही." मग ते थोडे पुढे सरकले. "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

बाईंनी आरशात पाहिलं.

"आमचे हे आहेत."

"मग एकदा घेऊन या ना त्यांना आमच्याकडे. हिला माणसांची आवड आहे. अलीकडे कोणी येत नाही."

मेस्त्री दिव्यावर लक्ष ठेवायला बसले होते. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"विचारते त्यांना," बाई म्हणाल्या, आणि केंद्राच्या रस्त्याला गाडी सावकाश वळवली.