कमलिनीबाईंची पहिली कवळी

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. मी एक जुनी कवळी आहे. भिलाईच्या सिविक सेंटरजवळच्या दवाखान्यात माझा जन्म झाला आणि मी जुनवानीच्या कमलिनीबाईंच्या तोंडात राहायला गेले. माझ्यामुळे त्या पुन्हा भाकर चावू लागल्या, मोकळं हसू लागल्या. शेजारणी माझं फार कौतुक करत.

त्या वर्षी बाईंचे यजमान श्यामराव वारले. ते प्लांटात, म्हणजे पोलाद कारखान्यात, बाबू होते. इस्पितळात त्यांची कवळी काढून ठेवली होती. गडबडीत ती तिथेच राहिली. अंगणात ठेवलेला तो बोळका, बसलेला चेहरा पाहून त्यांच्या एका मित्राने हळूच विचारलं, "हे श्यामरावच ना?"

बाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्यांनी रात्री मला काढलंच नाही. झोपेत जीव गेला तर लोकांनी आपल्याला तसं पाहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मी त्या ओल्या अंधारात घाबरून असे. माझ्या आतल्या अंगाला काहीतरी बुळबुळीत धरू लागलं. बाईंच्या टाळूची आग होऊ लागली, मग पांढरे डाग आले. त्यांची बहीण सुशीला दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाचं मिश्रण, घासायची. ती तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. बाईंनी आरशात डाग पाहिले आणि आरसा पालथा ठेवला. कोणाला काही सांगितलं नाही. नुसता कढीभात गिळू लागल्या. त्यांच्या जबड्याची थरथर फक्त मला कळत होती.

पण त्यांची सून गीता हिने ताटात टाकलेली भाकर पाहिली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढताच गीताने नाकाला ओढणी लावली. मला वाटलं, आता मी कचऱ्यात.

तपासणीत कळलं, कॅन्सर नव्हता. कवळीखाली वाढलेली बुरशी होती. औषध घ्यायचं, मला रोज घासायचं आणि रात्री पाण्यात ठेवायचं. शेवटचं ऐकून बाई पुन्हा घाबरल्या. म्हणाल्या, प्रोबायोटिकच्या गोळ्या द्या, दहीही खाईन, पण दात काढणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते चांगले जंतू बुरशीला अडवायला थोडी मदत करतीलही, पण घर झाडलंच नाही तर पाहुणे तरी काय करणार?

घरी आल्यावर गीताने विचारलं, "आई, दात काढाले कावून भेता?"

"यांचं तोंड पाहिलं नं तू? मले तसं नाई जायचं."

गीता त्यांच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काई झालंच, तर कोणाले आत येऊ द्यायच्या आधी मी दात बसवून देईन. पण तोवर रोज रात्री ते माह्याजवळ देत जा."

"अन् उलटे बसवले तर?"

"मग उठून सांगजा मले."

त्या रात्री बाईंनी मला गीताच्या हातावर ठेवलं. तिने मला धुऊन पाण्याच्या वाटीत ठेवलं.

डाग गेले. मी मात्र जुनी, खरबरीत झाले होते, म्हणून बाईंना नवी कवळी मिळाली. काही वर्षांनी, एका पहाटे, बाई झोपेतच गेल्या. गीताने शेजाऱ्यांना दारातच थांबवलं, वाटीतली कवळी धुतली आणि बसवली. लोक म्हणाले, बाई अगदी झोपल्यासारख्या दिसतात. नवी कवळी त्यांच्याबरोबरच गेली. डॉक्टरीणबाई आता रायपूरला असतात. गीताचेही दात पडले, आणि तिची कवळी रात्री त्याच वाटीत असते. मी कपाटात, डबीत.

मित्रांनो, तुमची आजी रात्री कवळी काढत नसेल, तर तिच्यावर रागावू नका. तिला भीती कशाची वाटते, ते आधी विचारा.