उतारावर काय फुलायचं

ताईचं ते पत्र आलं तेव्हा मोजणीदारांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पत्र पानभरसुद्धा नव्हतं. ताईला लिहायचा कंटाळा, आणि लिहिलंच तर ती फर्मान काढल्यासारखं लिहायची.

"पुस्तक्या," तिने लिहिलं होतं, "माझ्या मधमाश्या उपाशी मरताहेत. इथे मैलोगणती एकच पीक. त्याचा फुलोरा पंधरा दिवस, त्यातही फवारणी. मग वर्षभर ठणठणाट. पूर्वी त्या समोरच्या उतारावर जायच्या आणि भरून यायच्या. तिथलं रान तोडण्याआधी तू तो उतार पायी पिंजून काढला होतास. तिथे काय काय फुलायचं आणि कशामागून काय, एवढं लिहून पाठव. ओढ्याकाठची पट्टी मोकळी ठेवली आहे. तिथे तेच लावीन."

त्याला सहा वर्षं झाली. उत्तर गेलं नाही, आणि गेल्या महिन्यात ताईच गेली.

उत्तर द्यायचं नाही असं मोजणीदारांनी कधी ठरवलं नव्हतं. उलट पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांनी झाडाझुडपांची तीन जाडजूड पुस्तकं विकत आणली होती. अडलं ते नावांपाशी.

जंगल खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं झाडं मोजली. दोरीने चौकोन आखायचा, त्यातल्या इमारती लाकडाच्या झाडांचा घेर मापायचा आणि तक्ता भरायचा. तक्त्यात अकरा रकाने, अकरा जातींचे. बाकी जे काही उगवलं असेल त्याला रकाना नव्हता. चौकोनात त्या अकरांपैकी काही नसलं तर पुढे 'निरंक' लिहायचं, असा नियम. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं होतं, की शेरा म्हणून काही लिहावं का. साहेब हसून म्हणाले होते, झुडपांची जनगणना करायला सरकार आपल्याला पगार देत नाही. पुन्हा काही विचारायचा मोजणीदारांचा स्वभाव नव्हता.

त्या उतारावर एकशे चाळीस चौकोन होते. त्यातल्या एकशे बारांपुढे त्यांनी 'निरंक' लिहिलं, टाकाच्या शाईने, रेघेला अक्षर टेकवून. तक्ता वर गेला. उतार ओसाड आहे, असं वरून ठरून आलं. ओसाड उतार साफ करून तिथे एकाच जातीची, भराभर सरळ वाढणारी झाडं ओळीत लावण्यात आली.

त्या ओसाड उतारावर दुपारचा डबा खाताना गुणगुणाटाने बोलणं ऐकू यायचं नाही. संध्याकाळी शर्टावर पिवळी धूळ बसलेली असायची. हे सगळं त्यांना आठवत होतं. पण आठवण आणि पुस्तकातलं चित्र जुळेना. एका काटेरी झुडपासारखी पुस्तकात चार झुडपं निघाली. चुकीचं नाव कळवलं तर ताई चुकीचं झाड लावील आणि फुलाची वाट पाहत बसेल. त्यापेक्षा नीट खात्री करून लिहू. खात्री करता करता दिवस गेले, आणि मग इतके दिवस गेले याचीच लाज वाटून आणखी गेले. शिवाय मनाच्या तळाशी दुसरी एक भीती होती. एवढं सगळं माहीत होतं तर तेव्हा का नाही लिहिलंस, असं ताईने विचारलं तर?

भाचीने फोन करून बोलावलं, आईच्या वस्तूंतलं काही हवं असेल तर घेऊन जा म्हणाली. ते गेले. बस शेतांमधून तासभर चालली, आणि तासभर खिडकीबाहेरचं चित्र बदललं नाही. बांध नाहीत, झुडूप नाही, क्षितिजापर्यंत कंगव्याने विंचरल्यासारख्या ओळी.

घराच्या मागच्या खोलीत माश्यांच्या बावीस पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. आतल्या चौकटींना मेणाचा वास मात्र अजून होता. खुंटीला ताईची जाळीची टोपी. भाचीने चहा केला, आणि मामाला साखर दोन चमचे लागते हे न विचारता घातली. शेवटची पेटी दोन वर्षांपूर्वी गेली, तिने सांगितलं. सकाळी आई बाहेर आली तर दारासमोर माश्यांचा सडा. शेजारी फवारणी झाली होती. आईने केरसुणीने झाडलं नाही, हाताने गोळा केल्या.

मग ती त्यांना ओढ्याकाठी घेऊन गेली. पट्टी होती तिथे, वीस पावलं रुंद, गुडघाभर तण माजलेली. भोवतालच्या टापटिपीत ती न विंचरलेल्या डोक्यासारखी दिसत होती. जमीन कसायला घेतलेला माणूस दर हंगामाला विचारायचा, ही पट्टी कशाला अडवून ठेवलीय. ताई म्हणायची, माझ्या भावाचं पत्र यायचंय. शेजारीपाजारी तिची टर उडवायचे. कोणी म्हणायचं, तुमचा भाऊ पत्र लिहितोय की ग्रंथ? ताई म्हणायची, ग्रंथच. म्हणून वेळ लागतोय.

मोजणीदारांना ओढ्याकडे पाहत राहणं बरं वाटलं. पण ओढ्यात पाणी नव्हतं. तळाशी तडकलेला गाळ होता, उतारावरून वाहून आलेला.

"चल, वरही जाऊन येऊ," भाची म्हणाली.

वर झाडांच्या ओळीत शिरल्यावर उजेड एकदम गेला. खाली वाळक्या, टोचणाऱ्या पानांचा वीतभर थर, आणि त्यातून काही म्हणजे काही उगवलेलं नव्हतं. कोळ्याचं जाळंसुद्धा दिसेना. इतकं शांत की मोजणीदारांना स्वतःच्या गुडघ्यांची करकर ऐकू येत होती. मोजायला किती सोपं, असं त्यांच्या मनात आलं. सगळी झाडं एका रकान्यात.

भाची थांबली. "मामा, आई तुझ्या जुन्या ऑफिसात गेली होती. तुझं पत्र येईना, तेव्हा. म्हणाली, त्यांच्याकडे नोंद असेलच."

त्यांनी मान खाली घातली.

"ऑफिसवाल्यांनी तक्ता काढून दाखवला. पानामागून पान निरंक. तुझ्याच अक्षरात."

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"चिडली नाही. मीच चिडले. ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, पोराचं अक्षर अजून किती सुंदर आहे गं. मग म्हणाली, तक्त्यात नाही लिहिलं, म्हणजे डोक्यात असेल. येईल पत्र."

मोजणीदार जवळच्या खोडाला टेकले. त्यांना रडायचं होतं, पण तेही नीट जमेना. भाचीने त्यांचा दंड धरला. ती म्हणाली, "मला रागवायचं होतं तुझ्यावर. आता नाही जमत. पण एक ऐक. महिनाअखेरीला तो जमीन कसणारा नांगर घेऊन येतोय. मला काय लावायचं तेच माहीत नसेल, तर मी त्याला नाही कशासाठी म्हणू?"

"माश्या तर गेल्या," ते म्हणाले.

"गेल्या. तरी सांग."

तिथे उभ्या उभ्या त्यांना सांगता आलं नाही. टोपीही घेतली नाही त्यांनी.

घरी आल्यावर त्यांनी तिन्ही पुस्तकं कपाटात बंद केली आणि लिहायला बसले. मायना ताईचाच घातला, कारण प्रश्न तिचा होता. लिहिलं, की मला नावं येत नाहीत, फक्त पाहिलेलं सांगतो. थंडी सरता सरता ओढ्याच्या उगमापाशी पानांआधी फुलणारं एक झाड, फुलं पिवळी, लोकरीसारखी. त्याची फांदी ओल्या मातीत खोचली तरी जगायची. मग पांढरं, काटेरी, कमरेइतकं. मग जांभळ्या फळांची जाळी, तिचे डाग माझ्या तक्त्यावर पडले होते. एकवीस प्रकार आठवले. शेवटी सगळं संपल्यावर फुलणारी वेल, एका पोकळ झाडावर चढलेली. 'त्या पोकळीत रानमाश्यांचं मोठं पोळं होतं, ताई. मी कान लावून ऐकलं होतं. चौकोन क्रमांक सत्तर. तिथेही मी निरंक लिहिलं. उतार ओसाड नव्हता. तो ओसाड आहे असं मी लिहिलं, मग तो झाला.'

पाकिटावर भाचीचा पत्ता घातला. महिना संपायला नऊ दिवस होते. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे असताना त्यांना शंका आली, की काटेरी झुडूप आधी फुलायचं की जांभळ्या फळांचं. घरी परतून पुस्तकात एकदा पाहावं का? पाय वळलेही होते.

त्यांनी पत्र पेटीत टाकलं.