बाबा कामावर गेलेत

“मीच आई होणार!”

आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला आणि लिफ्ट मेकॅनिक चपापला. समोर दादा बसला होता, त्याचा थोरला भाऊ. बोलता बोलता दादा थांबला आणि त्याने दाराकडे पाहिलं.

मागच्या खेपेला पुतण्या डोक्याला टॉवेल गुंडाळून उशीला थोपटत बसलेला दादाने पाहिला होता. तेव्हा तो नुसता हसला, पण निघताना जिन्यात म्हणाला, “आत्ताच वळण लाव त्याला. उद्या शाळेत पोरं याला जगू द्यायची नाहीत.” ते बोलणं मेकॅनिकच्या मनात घर करून बसलं. बंद लिफ्टमध्ये माणसं किंचाळत असली तरी ज्याचा हात थरथरत नाही, तो बाप्या पाच वर्षांच्या पोराच्या भातुकलीला भ्यायला लागला. पोरगं शाळेतून रडत आलं की आधी याच्या डोळ्यांपुढे ती उशी यायची. बायकोला सांगायची सोय नव्हती. ती म्हणायची, “खेळतोय ना? खेळू दे की. चोऱ्यामाऱ्या तर करत नाही!” आणि आज नेमकी तीही औषधाच्या दुकानात, कामावर.

तो उठून आत गेला. पलंगाखाली घर मांडलेलं होतं. दादाची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“बघ ना काका, दर वेळी हाच आई होतो.”

“आज तू बाबा हो,” तो मुलाला म्हणाला, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “मुलगे बाबा होतात.”

“बाबा नको ना.”

“का? बाबा काय वाईट असतो?”

मुलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग उशी बहिणीच्या हातात दिली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि “येतो,” म्हणून गॅलरीत निघून गेला.

दादा खूश. “बघ! पोर गुणाचं आहे, नुसती सांगायची खोटी.” मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. दादाने मग नव्या गाडीचं पुराण लावलं. आतून पुतणीचं चाललेलं ऐकू येत होतं: बाळाला ताप आला, बाळाने औषध थुंकलं, बाळ काही केल्या झोपत नाही. मुलाचा आवाज मात्र येत नव्हता. असेल खेळत, असं त्याने मनाला समजावलं. मन काही समजेना. पाणी आणायचं निमित्त करून तो उठला.

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे मुलगा उभा होता. दप्तर खांद्यावर, तोंड भिंतीकडे.

“इथं काय करतोयस?”

“कामावर आहे.”

“अरे, मग ये आता घरी. झालं की काम.”

“एवढ्यात नाही,” मुलगा कुजबुजला. “बाळ झोपलं की बाबा येतात.”

मेकॅनिकने चादर बाजूला सारली. पोरगं तक्रार करत नव्हतं, खेळाचा नियम सांगत होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. रात्रपाळ्या, अडकलेल्या लिफ्ट, फोन आला की भरल्या ताटावरून उठणं. सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही या पोरापुढे मांडावंसं वाटेना.

“आज बाबा लवकर आला तर?”

मुलाने विचार केला. “चालतं?”

तो आत गेला, फरशीवर मांडी घालून बसला आणि पुतणीकडून उशी मागून घेतली. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला.

“हे काय रे?”

मेकॅनिकचे कान तापले. हसून वेळ मारून नेता आली असती. उशी बाजूला टाकता आली असती.

“हळू बोल, दादा. बाळ जागं आहे अजून.”

पुतणी खुदकन हसली.

मुलगा गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि बापाचे हात निरखून पाहू लागला. “असं नाही धरायचं. मान लोंबतेय त्याची.”

“आता?”

“हं.” मुलाने दप्तर मात्र खांद्यावरून काढलं नाही. “आणि परत फोन आला तर?”

मेकॅनिक उशीची मान सांभाळत तसाच बसून राहिला.