पहिलं वाक्य पोचवणारा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळीला पोचा, मानेला चिकटपट्टी, पण आवाज? एकदम खणखणीत!

कारखान्यातून शाळेच्या सभागृहात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! लवकरच कळलं, इथे प्रत्येक वक्ता आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारतो, मग फुंकर घालतो आणि मग दहा मिनिटं मान्यवरांची नावं घेत बसतो. मुद्दा येईपर्यंत मागच्या रांगा पेंगलेल्या! पुढे चकचकीत बिनवायरचा माईक आला आणि माझी रवानगी सुतारकामाच्या खोलीत, फळीवर झाली.

तिथेच वाईट बातमी ऐकली. शाळेची समिती ही खोली बंद करून तिथे अडगळ ठेवणार होती! समितीपुढे खोलीची बाजू मांडायची होती नववीतल्या एका मुलीनं. वर्ग तिला 'कुजबुज' म्हणायचा, इतका तिचा आवाज बारीक. सरावासाठी तिनं मला फळीवरून खाली उतरवलं.

"सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सर्व सदस्य..."

सुतारकामाच्या सरांनी जांभई दिली. "अगं बाई, अजून किती उरलेत?"

"सर, नावं नाही घेतली तर रागावतील ना!"

"रागवायला आधी जागे तर हवेत! आणि काय गं, ही खोली हवीच कशाला?"

ती अशी उसळली! "कशाला म्हणजे? तुम्ही बसलाय ती खुर्चीसुद्धा आम्हीच जोडलीय!"

मी नखशिखांत दणाणलो. सर हसले. "हं. इथून सुरू कर."

सभेच्या दिवशी तिनं हट्टानं मलाच नेलं. टिचकी नाही, फुंकर नाही. सगळ्या सदस्यांनी चहाचे कप खाली ठेवेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तुम्ही बसला आहात त्या अकराही खुर्च्या सहा महिन्यांपूर्वी मोडक्या होत्या."

अध्यक्ष दचकून उठले, वाकून खुर्चीखाली पाहू लागले. "अरे, सांधासुद्धा दिसत नाही! कोणी केलं हे?"

"आम्ही. तुम्ही कुलूप लावणार आहात, त्याच खोलीत."

त्यानंतर एकानंही घड्याळ पाहिलं नाही. तिनं मोडक्या खुर्च्यांची चित्रं दाखवली, या खोलीत मुलं काय काय शिकतात ते सगळं सांगितलं आणि शेवटी अध्यक्ष म्हणाले, "खोली राहणार! आणि पोरी, आमच्या कार्यालयातलं टेबल डुगडुगतंय, बघशील का?"

टाळ्यांचा असा कडकडाट, की माझी चिकटपट्टी सुटली!

म्हणून सांगतो मित्रांनो, आमची वायर ओढू नका, जाळी पुसत जा. आणि बोलायला उभे राहाल तेव्हा पहिलं वाक्य असं द्या, की ते पोचवायची आम्हालाच घाई व्हावी!