बाकाखालची कणीक

माझ्या सायकलीचं वजन एकोणीस किलो आहे, हे मला डेव्हनला निघायच्या दिवशी सकाळी कळलं. पुष्करने, म्हणजे माझ्या मुलाने, बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला, आधी स्वतःचं वजन केलं आणि मग सायकल उचलून घेऊन पुन्हा काट्यावर उभा राहिला. तान्ह्या बाळाचं करतात तसं.

"आई, नाइन्टीन किलो! ही सायकल आहे की म्हैस?"

"चॅरिटी शॉपमधून तूच आणलीस," मी म्हटलं. "मी नव्हते गेले."

मी लीलावती, राहणार नागपूर, वय सदुसष्ट. पुष्कर इंग्लंडात मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, सून कस्तुरी हॉस्पिटलात फिजिओ आहे, आणि त्यांची दिया दहा वर्षांची. मी सहा महिन्यांसाठी आले होते आणि पुढच्या शनिवारी माझं परतीचं विमान होतं. या सहा महिन्यांत मी एकच गोष्ट स्वतःसाठी केली. सायकल शिकले.

लहानपणी माझ्या दोन्ही भावांना सायकली मिळाल्या होत्या. मला मिळालं त्या पुसायचं फडकं. तो राग साठ वर्षं गेला नव्हता, तो दियाने घालवला. स्विमिंग पूलच्या कार पार्कमध्ये भल्या सकाळी चिटपाखरू नसतं, तिथे तिने मला पाच आठवडे शिकवलं. "आजी, खाली नको बघू, समोर बघ!" असं ओरडत ती माझ्यामागे पळायची. दोनदा पडले, गुडघा फुटला, घरी सांगितलं नाही. शेवटी जमलं. पण कार पार्कात जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे? गोल गोल, गोल गोल. आता मला एकदा सरळ जायचं होतं.

डेव्हनला एका जुन्या रेल्वेचे रूळ काढून तिथे सायकलवाट केली आहे. चढ नाही, गाड्या नाहीत, खाडीच्या कडेने सहा मैल सरळ. दियाने मला त्या वाटेचे फोटो दाखवल्यापासून चार दिवस मी दुसरं काही बोलतच नव्हते. फोनवर नागपूरच्या सगळ्या मैत्रिणींना सांगून झालं होतं. माझ्याच वयाच्या त्या सगळ्या, त्यातल्या निम्म्या घाबरल्या आणि निम्म्या जळल्या, आणि मला दोन्ही आवडलं.

आता पुष्करची कॅरॅव्हॅन. गाडीच्या मागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर. आत पलंग, बेसिन, गॅस, सगळं. त्याची आणि कस्तुरीची सायकल गाडीच्या टपावर चढली होती. दियाची आणि माझी कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाला, जिथे ती गाडीला जोडतात तिथल्या रॅकवर. मी पहाटेच तयार होऊन हेल्मेट घालून अंगणात उभी होते. पाच तास गाडीत बसायचं होतं, तरीही हेल्मेट घातलं होतं.

मग पुष्करने एक नळकांड्यासारखं माप काढलं. कॅरॅव्हॅनचं पुढचं टोक गाडीच्या हुकावर किती भार टाकतं, ते त्याने मोजतात. त्याला म्हणायचं नोजवेट. शंभर किलोच्या वर गेलं की गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. हे त्याने मला आठवडाभरात तीनदा समजावलं होतं. मुलाला मापं घ्यायचा भारी सोस. लहानपणी वरणाच्या वाट्यासुद्धा शेजारी शेजारी ठेवून बघायचा.

माप एकशे अठरावर थांबलं.

त्याने कॅरॅव्हॅन वर केली, पुन्हा टेकवली. एकशे अठरा.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "मी स्प्रेडशीट केलंय." मग माझ्या सायकलीकडे बघितलं. "सॉरी, आई. ही इथेच ठेवावी लागेल. सगळ्यात जड तीच आहे."

दिया ओरडली, "नो! दॅट्स नॉट फेअर! आजीचा सायकल पाहिजे! माझा ठेवा घरी!"

"आई, तिकडे भाड्याने बघू या," कस्तुरी म्हणाली, आणि लगेच फोन लावला. पण बँक हॉलिडेचा, म्हणजे जोडून सुट्टीचा वीकेंड. दुकानातल्या सायकली महिनाभर आधीच बुक झालेल्या.

मी गप्प उभी होते. मी गप्प उभी राहिले तर काहीतरी बिनसलंय हे आमच्या घरी कोणालाही कळतं, पण सगळ्यांना वाटलं मी हिरमुसले. हिरमुसले होतेच. पण कारण वेगळं होतं. स्प्रेडशीटमध्ये जे नव्हतं ते कुठे होतं, हे मला ठाऊक होतं.

कॅरॅव्हॅनमध्ये पुढे दोन बाक आहेत आणि त्यांच्याखाली कप्पे. आदल्या दिवशी दुपारी मी ते उघडून बघितले, तर रिकामे! रिकामं कपाट मला बघवत नाही. पुष्करने सांगितलं होतं, पुढे जड काही ठेवायचं नाही. ऐकलं होतं मी. पण मला वाटलं, जड म्हणजे त्याची अवजारं. कणकेला कोणी जड म्हणतं का?

सांगितलं तर सगळं बाहेर निघणार होतं. चार दिवसांचे चारही स्वयंपाक मी डोक्यात रचून ठेवले होते. इथे मला ना धड इंग्रजी येत, ना गाडी चालवता येत. या घरात माझा जो काही मान आहे तो ओट्यापाशी. तोही सोडून गेले तर मी त्या कॅरॅव्हॅनमध्ये कोण म्हणून बसणार? खरंच भीती वाटली. पण रॅकवर माझी हिरवी सायकल दिसत होती, आणि पुष्कर तिचा पट्टा सोडायला लागला होता.

"थांब," मी म्हटलं. "आधी ते बाक उचल."

त्याने बाक उचलले. दहा किलो कणीक. पाच किलो तांदूळ. पाच लिटरचा कुकर. लोखंडी तवा. लोणच्याची बरणी, ठेच्याची बरणी, डाळी, भाजणी, कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा. सगळ्यात खाली माझा दगडी खलबत्ता, टॉवेलात गुंडाळलेला.

"खलबत्ता?" पुष्कर म्हणाला. "आई, कॅम्पिंगला खलबत्ता?"

"मिक्सरचा ठेचा तूच खात नाहीस."

कस्तुरी हसता हसता पायरीवर बसली. "आई, तुम्ही ग्रेट आहात! अहो, तिकडे सुपरमार्केट आहे!"

वजनकाट्यावर सगळं मिळून तेहतीस किलो भरलं.

"मागे सरकव ना थोडं," मी म्हटलं.

"नाही चालणार. टोटल वजनपण भरलंय. एक काहीतरी, आई. हे किंवा सायकल." आणि उत्तराची वाट न बघता तो कणकेचा डबा पुन्हा आत ठेवायला वाकला. चाळीस वर्षं आईला ओळखतो ना तो!

"पुष्कर," मी म्हटलं, "डबा घरात ने."

"अगं, मग चार दिवस खायचं काय?"

"ते मला कशाला विचारतोस?"

तो डबा उचलून स्वयंपाकघरात गेला. दियाने आनंदाने उड्या मारल्या, मला मिठी मारली आणि माझ्या हेल्मेटवर आपलं हेल्मेट आपटलं. मी ठेच्याची छोटी बरणी तेवढी ठेवून घेतली. माप सत्त्याण्णववर थांबलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी त्या वाटेवर होते. सरळ! उजवीकडे खाडी, ओहोटीचा ओला चिखल, त्यावर चोची मारणारे पक्षी. समोरून येणारे एक आजोबा "मॉर्निंग!" म्हणाले. मी हात न सोडता मोठ्याने "मॉर्निंग!" म्हटलं. वारा तोंडावर येत होता, ओढणी मी कमरेला घट्ट बांधली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की हसू आवरत नव्हतं. वळायची वेळच येत नव्हती. मैल संपला तरी पुढे वाटच होती.

बघता बघता एक वाजला. मागे कुठेतरी बाकावर कस्तुरीने चिप्स उघडले असणार, त्यांचा वास आला. मग पुष्करचा आवाज आला. "आई! थांब! जेवायला चल!"

हीच हाक मी त्याला गच्चीतून पंधरा वर्षं मारली आहे, आणि खेळ सोडून तो एकदाही वेळेवर आला नाही.

मी घंटी वाजवली आणि पुढे गेले.