फोन आल्याशिवाय निघू नकोस

दर रविवारी सकाळी झेनॉनचा लेकीला फोन यायचा. "उठलोय. ये जेवायला." बस्स, एवढंच. लुत्सिना पुढे काही बोलायच्या आत म्हाताऱ्याने फोन ठेवलेला असायचा. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आपण उठलो हीच मोठी बातमी वाटली तर त्यात नवल नाही, पण वर त्याची ताकीदही होती: "माझा फोन आल्याशिवाय निघू नकोस." एकदा ती फोनची वाट न बघता येऊन उभी राहिली, तर त्याने दारातच तिला असं झापलं की शेजारच्या कोंबड्या ओरडायला लागल्या. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

आज फोन आला आणि ती आली. सप्टेंबर होता, पाऊस पडून वर ऊन पडलं होतं, म्हणजे जंगलाच्या कडेच्या या गावात घरोघरी अळंबी. झेनॉनने सायीत शिजवलेल्या अळंब्या, उकडलेले बटाटे आणि वर बारीक चिरलेला शेपू असा बेत केला होता. लुत्सिना दोनदा वाढून घेऊन जेवली. अळंबी ओळखण्यात बापाचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. एके काळी लोक टोपल्या घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो एकेक अळंबी नाकाशी धरून निकाल द्यायचा, "ही ठेव. ही टाक. ही सासूला दे."

जेवणानंतर ती झाडू घ्यायला दारामागे गेली. झाडूशेजारी एक लांब काठी उभी होती. तिच्या टोकाला तारेने सुरी बांधलेली होती.

"बाबा, हे काय?"

"काठी. दिसत नाही?"

"आणि सुरी कशाला?"

"कंबर वाकत नाही माझी. उभ्या उभ्या देठ कापायचा, टोकाने टोचायचा, टोपलीत टाकायचा. डोकं चालतं अजून माझं!"

लुत्सिनाने काठी दारामागून उजेडात ओढली. अळंबी कापायची नसते, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं, आणि तेही गालावर पाच बोटं उमटवून. अळंबी पिळून, मुळासकट काढायची. बूड बघायचं. बुडाशी पांढरी पिशवी असेल तर ती तिथेच टाकायची आणि हात धुवायचे. त्या विषारी हिरवट टोपीवालीची ओळख तिच्या पायातच असते. वरून ती चांगल्या हिरव्या अळंबीची सख्खी बहीण वाटते. देठ वरून कापला की पिशवी मातीत राहते आणि मरण टोपलीत येतं.

ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि सालांची बादली तिने ओट्यावर उपडी केली. सगळे देठ साफ कापलेले. एकालाही बूड नव्हतं. आणि सालं हिरवट.

गावच्या दवाखान्यातली नर्स तिला वसंतातच म्हणाली होती, "म्हाताऱ्या माणसाला 'बरं आहे ना' असं विचारू नये. ते बरंच आहे म्हणतात. त्यांचे हात बघायचे. नेहमीचं काम नव्या पद्धतीने करायला लागले, की का ते शोधायचं." लुत्सिनाने मान डोलावली होती. बाप चहा ओतताना कपात बोट बुडवून बघतो, हे तिने पाहिलं होतं. डोळ्यांत सायीसारखं काहीतरी धरलंय, हेही पाहिलं होतं. पण डोळ्यांचं नाव काढलं की जंगल बंद, आणि जंगल बंद म्हणजे हा माणूस खिडकीत बसून संपणार. तेव्हा पुढच्या रविवारी बोलू, पुढच्या रविवारी बोलू असं करत ती राहिली होती.

"बाबा, कोट घाल. दवाखान्यात जायचंय."

"कशाला? पोट दुखतंय तुझं?"

"दुखेपर्यंत थांबलं तर उपयोग नसतो, तूच सांगायचास! पहिले आठ-दहा तास काही होत नाही. मग एकदा यकृत सडायला लागलं की डॉक्टरही हात वर करतात."

"काही होत नाही. मला ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"आहे ठाऊक!" म्हातारा खुर्चीला धरून बसला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शेवटी लुत्सिनाने त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला आणि ती रडायला लागली. ते बघितल्यावर तो मुकाट्याने उठला.

सालं, देठ आणि पातेल्यात उरलेलं कालवण तिने बरण्यांत भरून घेतलं. तालुक्याच्या गावापर्यंत ती गाडी कशी चालवत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. दर थोड्या वेळाने ती घड्याळ बघायची. आपण मरू ही भीती होतीच, पण बाप आपल्यादेखत मरेल आणि मरताना त्याला कळेल की लेकीलाही आपणच मारलं, हा विचार तिला सोडत नव्हता. बाजूला झेनॉन टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

दवाखान्यात दोघांचं रक्त घेतलं. बरण्या अळंबी ओळखणाऱ्या बाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाई कागद पुढे ओढून बसल्या.

"केव्हा खाल्लं?"

"आज दुपारी," लुत्सिना म्हणाली. "दोघांनीही."

"आजोबा, तुम्हीही दुपारीच ना? नीट आठवून सांगा. औषध त्यावर ठरतं. तुमचंही आणि लेकीचंही."

झेनॉन टोपी हातात फिरवत राहिला. लेकीचंही, हे ऐकल्यावर त्याची बोटं थांबली.

"मी कालही खाल्ली," तो म्हणाला. "काल सकाळी."

"कुठली?"

"याच टोपलीतली. प्रत्येकीचा एक तुकडा कापला, लोण्यात परतला आणि खाल्ला. बाकीच्या तळघरात ठेवल्या."

"तुकडे का?"

"रंग कळत नाहीत मला, बाई. हिरवं, करडं, तपकिरी, सगळं धुकं. वाकून बूड बघायचं म्हटलं तरी दिसणार काय? मग पोटाला विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी धड उठलो, की पोरीला फोन करतो."

डॉक्टरीणबाईंचा पेन कागदावरच थांबला. लुत्सिनाला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिने टेबलाची कड धरली. उठलोय. ये जेवायला.

"आणि नसतास उठला तर?" तिने विचारलं.

"तर फोन आला नसता, आणि तू निघाली नसतीस." म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणून तर तुला सांगून ठेवलं होतं."

"किती दिवस चाललंय हे?"

"डोळे गेले तेव्हापासून."

तासाभराने अळंबीवाल्या बाईंनी निरोप पाठवला. सगळ्या चांगल्या होत्या, एकही विषारी नव्हती. तरी उद्या रक्त पुन्हा तपासायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांसाठी चिठ्ठी दिली. मोतीबिंदू, काढता येतो, इतके दिवस काय करत होतात? झेनॉनने चिठ्ठी निमूट खिशात घातली. लुत्सिनाला हायसं वाटायला हवं होतं. पण गाडीत बसल्यावर ती किल्ली न लावता हातात धरून राहिली.

गेल्या शरदातला एक रविवार तिला आठवला होता. त्या दिवशी फोन दुपार कलल्यावर आला होता, आवाज ओढलेला. "पोट जरा बिघडलंय. आज येऊ नकोस."

"बाबा, तो रविवार..."

"हं. तेव्हा एक चुकीची आली होती. ती वाईटातली नव्हती. दोन दिवस उलट्या झाल्या फक्त."

"एकटा होतास."

"मग काय बँड बोलवू?"

"मी काय म्हणाले होते रे तेव्हा?" तिला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं.

"म्हणालीस, बरं झालं, माझेही कपडे धुवायचे राहिलेत."

लुत्सिनाने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. झेनॉन चाचपडत तिच्या पाठीवर हात ठेवायला बघत होता, तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग केसांना.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, पोरगी घरी बसून कपडे धुतेय."