लालासाहेबांचं ऑक्टेन

माझे चुलतभाऊ लालासाहेब पलूसमध्ये फियाट बाळगून होते. गाडीपेक्षा तिच्याबद्दलचं ज्ञान त्यांच्याकडे जास्त होतं. चढाला इंजिन टकटक वाजायचं. मिस्त्री म्हणाला, टायमिंग बघून घ्या. पण ते तर कुणालाही जमतं. लालासाहेबांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात शर्यतीच्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखं काहीतरी, घालतात, त्यानं ऑक्टेन वाढतं. ऑक्टेन म्हणजे काय हे आम्ही विचारलं नाही, म्हणून त्यांना सांगावं लागलं नाही.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात माझ्या मुलाचं, धनाजीचं लग्न निघालं. मुलगी उंब्रजची, क्षमा. तिचे वडील नाथाजी मिलिटरीत ट्रक चालवून निवृत्त झालेले. बैठकीत मी चार माणसांसमोर शब्द दिला होता, की आम्हाला मुलगी आणि नारळ द्या, बाकी काही नको.

"आधी समदी असंच म्हणत्यात, पाव्हणं," नाथाजी म्हणाले होते.

ते मला लागलं होतं. शब्द पाळून दाखवायचा होता. नवरदेवाची गाडी अर्थातच लालासाहेबांची.

लग्नाच्या सकाळी त्यांनी आकारामच्या रंगाच्या दुकानातून थिनरचा डबा आणला. मागोमाग आकारामही आला आणि लालासाहेबांना म्हणाला,

"आवं आबा, ह्यानं रंग निघतो. रबर बी मऊ पडतं."

"मग टाकीतली घाण बी निघंल की. फुकटात."

"पर आबा..."

"तू पत्रं रंगव, आकाराम. इंजिनाचं आमी बघतो."

मी प्रौढांच्या वर्गात नुकताच वाचायला शिकलो होतो, त्यामुळे दिसेल ते वाचायचो. डब्यावर 'रंग पातळ करण्यासाठी' एवढंच होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. लालासाहेब म्हणाले, कंपनीलाही सगळं माहीत नसतं.

त्यांनी तांब्यानं मोजून थिनर ओतलं. थोडं टाकीच्या तोंडाखाली ओघळलं. पुसलं तर गाडीचा निळा रंग फडक्यावर आला.

"बघितलासा? केवढी पावर हाय."

कराडपर्यंत गाडी पळाली खरी. कौतुक ऐकायला लालासाहेब सारखे मागं वळून बघत होते, त्यामुळे आम्ही रस्त्याकडे बघत होतो. उंब्रजच्या शिवेवर गाडी थांबली. रीतच आहे ती. नवरदेव शिवेवर थांबतो, मुलीकडचे ओवाळतात, मग गाडी गावात शिरते. त्यांनी ओवाळलं. गाडी हलेना. लालासाहेबांनी दोनदा स्टार्टर मारला, पण बँडच्या आवाजात तो बाहेर कुणाला ऐकू गेला नाही.

त्या काळात शिवेवर अडून बसण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नवरदेव रुसला, आता मोटारसायकल मागणार. बायकांची कुजबुज सुरू झाली. बँड थांबला. नाथाजी गाडीच्या खिडकीशी आले. चेहरा उतरलेला. हातातली अंगठी काढत ते म्हणाले, "मोटारसायकल झेपायची न्हाई आमाला. एवढं घ्या आन् चला."

मी लालासाहेबांकडे बघितलं. आता तरी खरं बोलतील असं वाटलं.

"नवऱ्या पोराचा मान असतोय, पाव्हणं," ते म्हणाले.

माझा शब्द मोडला तरी चालेल, पण ऑक्टेन शाबूत राहिलं पाहिजे.

मी खाली उतरलो. "अंगठी बोटात घाला. पोरगं रुसलं न्हाई, गाडी बंद पडलीया. ह्यांनी टाकीत थिनर वतलंय."

नाथाजींना पटलं नाही. शिवेवर सगळ्यांच्याच गाड्या बंद पडायच्या. त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, वास घेतला, पेट्रोलची रबरी नळी चिमटीत धरली. ती भिजलेल्या पावासारखी दबली. पेट्रोल ओढणारा पंप खोलून बघितला, तर त्यातला रबरी पडदाही फुगून बसला होता. त्यांनी अंगठी परत बोटात घातली आणि लालासाहेबांकडे वळले.

"थिनर?"

"ऑक्टेन," लालासाहेब म्हणाले.

"मिलिटरीत असल्या ड्रायव्हरला आमी भांडी घासाय लावायचो."

तेवढ्यात धनाजी बाशिंग सावरत उतरला आणि बँडच्या पुढे चालू लागला. नाथाजींनी माझा हात धरला तो मांडवापर्यंत सोडला नाही. मुहूर्त गाठला.

लालासाहेब मात्र स्टेअरिंग सोडायला तयार नव्हते. चार गड्यांनी त्यांना गाडीसकट ढकलत मांडवामागं आणलं. त्या लग्नात रुसलेलं माणूस एकच होतं. त्याची समजूत काढायला नाथाजींनी जिलेबीचं ताट गाडीतच पाठवलं.